आई पुन्हा भजनाला गेली

मंडळी, दुपारी घरी जे झालं ते आपल्या वाचकगटाला सांगावंसं वाटलं, म्हणून पनवेल स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून ही मेल लिहितेय.

बाबा गेल्यापासून आईने भजनी मंडळ सोडलं होतं. "सगळ्या माझ्या कपाळाकडे बघतील," म्हणायची.

मी सध्या एका लहान गावातल्या चर्चवरची इंग्रजी कादंबरी वाचतेय. खून नाही, पळापळ नाही. पाद्री, चर्चचं गळकं छप्पर, रविवारी गाणाऱ्या बायका. रोज थोडी आईला मराठीत सांगते.

काल त्यातली एक विधवा बाई बऱ्याच दिवसांनी गायला आली.

"मग बाकीच्या काय म्हणाल्या तिला?" आईने विचारलं.

"काही नाही. शेजारची जरा सरकली आणि हिला जागा दिली."

आज दुपारी आई साडी बदलून रामाच्या देवळात भजनाला गेली.

ती परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"काय म्हणणार? माझा आवाज बसलाय म्हणाल्या. रोज ये म्हणाल्या."

अशा पुस्तकांत काही घडतच नाही, ही तक्रार आपल्या गटात नेहमीची. तुमच्याही घरी असं काही न घडणारं पुस्तक कुणाला उपयोगी पडलंय का?