जिजाअक्कांची हाक

पहाट अजून फुटायची होती आणि दाराची कडी जोरात वाजत होती. लग्न होऊन अमळनेरच्या त्या गल्लीत मला जेमतेम आठवडा झाला होता. "ऊठ वं नवी सून, चूल पेटनी!" मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या पदर खोचून तयार. समोरच्या जिजाअक्कांची आणि माझी पहिली भेट ही अशी.

उन्हाळ्यात गल्लीत आज या घरी, उद्या त्या घरी बिबडे घालायचे. ज्वारीच्या पिठाचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटायचा आणि ऊन तापायच्या आत सगळ्याजणी मिळून तो खाटेवरच्या ओल्या धोतरावर पापडासारखा थापायच्या. आज कोणाकडे, कोणाला उठवायचं, सगळं अक्कांच्या डोक्यात. अबोला धरलेल्या जावांना ही बाई मुद्दाम एकाच खाटेशी बसवायची. "हात चालू दे, तोंडबी चालू दे," म्हणायची. दुपारपर्यंत जावा खिदळत असायच्या. भारी खट बाई!

नव्वदच्या सुमारास त्यांच्या मुलाने, प्रकाशने, जळगावला बंगला बांधला आणि आईला नेलं. प्रकाश वाईट नव्हता, हे आधीच सांगते. आईला त्याने टीव्ही दिला, स्वतंत्र खोली दिली. पण तो नि सून सकाळीच नोकरीला जायचे. मी भेटायला गेले, तर घरात सगळं असूनही अक्का माझा हात सोडेनात. "आठे बठ्ठं शे. बोलाले मानूस नही."

मग विसरणं सुरू झालं. आधी दूध उतू जायला लागलं, नंतर नावं गेली. एका पहाटे अक्का बाहेर पडल्या आणि कॉलनीतली अनोळखी फाटकं वाजवत आमच्या नावाने हाका मारत सुटल्या. लोक चिडले. प्रकाशने फाटकाला कुलूप घातलं. त्या कुलपाची आठवण झाली की मला अजून रडू येतं.

डॉक्टर त्याला म्हणाले, "गोळ्या देतो, पण यांना माणसांत न्या."

त्या चैत्रात तो अक्कांना गल्लीत घेऊन आला. आमच्याकडेच बिबडे होते. अक्का पातेल्याजवळ बसल्या, घाटा चाखला आणि म्हणाल्या, "तीळ कमी शेतस." मग मला नावाने हाक मारली. एकेका शेजारणीला ओळखलं, हात ओला केला आणि थापायला लागल्या. आम्ही सगळ्या हसत होतो, डोळे पुसत होतो. प्रकाशला राहवलं नाही. तो पुढे होऊन वाकला, "माय..."

अक्कांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि परका पुरुष समोर आल्यावर घेतात तसा डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ, तुम्ही कोनाकडे उनात? बसा. घाटा खाईसन जा."

प्रकाश खाली बसला. अक्कांनी वाढलेली वाटी त्याने मान खाली घालून, पाहुण्यासारखी, सगळी संपवली.