टपालकाकांचा मनोऱ्याचा बेत

छत्तीस वर्षं पायी टपाल वाटून निवृत्त झालेल्या टपालकाकांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं. शहरातल्या त्या उंच मनोऱ्यावर जायचं आणि आपल्या सगळ्या गल्ल्या एकदा वरून बघायच्या. हवा कधी स्वच्छ असते, रांग कधी कमी, ऊन कुठल्या काचेवर येतं, सगळं त्यांनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून काढलं. तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा नव्हती.

"अहो, लढाईला निघालोय का आपण?" काकू म्हणाल्या. "आणि मला जिन्यातून खाली बघितलं तरी गरगरतं."

"मी हात धरीन ना!"

"लग्नात धरलात तेवढा पुरे."

तरी टेबल एकदाचं मोकळं होईल, या आशेनं काकू तयार झाल्या.

मंगळवारी सकाळी लिफ्ट वर पोचली. दार उघडलं तर समोर नुसतं आभाळ. काकांनी एक पाऊल टाकलं, पाठ भिंतीला चिकटवली आणि डोळे गच्च मिटून घेतले. काकू मात्र काचेला नाक लावून उभ्या!

"अगं बाई, केवढं हे! या की इकडे."

"तूच सांग काय दिसतंय ते."

"एक निळी टाकी आहे. तिच्याजवळ रस्ता वळलाय."

"रंगाऱ्यांची गल्ली! तिसऱ्या घरातलं कुत्रं मला दोनदा चावलंय. पुढे मोडकी चिमणी दिसते?"

"दिसते की!"

"तिच्यामागे एक मास्तरीणबाई राहायच्या. दर शनिवारी स्वतःलाच पत्र पाठवायच्या. मीही 'पत्र आलं हो!' म्हणून थाटात द्यायचो."

"इतक्या वर्षांत मला बोलला नाहीत!"

"बाई गाव सोडून गेल्या, म्हणून आज बोललो."

हळूहळू भोवती माणसं जमली. एका बाईंनी विचारलं, "पुलापलीकडचं पिवळं दार माहितीये का हो?"

"पत्रपेटीचं झाकण अजून अडकतं का?" काकांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. बाई थक्क! मग पहारेकरीही आपल्या मावशीचं घर विचारायला आला. तासभर काकू बोट दाखवत होत्या आणि काका भिंतीला टेकून सांगत होते.

पुढच्या महिन्यात काकू आपल्या बहिणीला घेऊन पुन्हा वर गेल्या. काका खाली तिकिटाच्या खिडकीशेजारी बाकावर बसले आणि रांगेतल्या प्रत्येकाला सांगत राहिले, "जा, जा. वरून फार छान दिसतं."