पाणी बघितल्याशिवाय

सुईकाका कुणाच्याही घरी गेले की चेहऱ्याआधी पायांकडे बघायचे. अमेरिकेत, आमच्या शुगर लँडमधल्या मराठी घरांत बूट दाराशीच निघतात, त्यामुळे गणपतीच्या आरतीला सगळी पावलं त्यांना आयतीच सापडायची. एखादा अंगठा लाल, सुजलेला दिसला की हातातला प्रसाद तसाच ठेवून विचारायचे, "कधीपासून?" ते संधिवाताचे डॉक्टर. सांध्यात सुई घालून पाणी काढायचे, म्हणून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. त्यांना ते आवडायचं.

काढलेलं पाणी ते स्वतः मायक्रोस्कोपखाली बघत. "पाणी बघितल्याशिवाय मी आजाराचं नाव घेत नाही," हे त्यांचं पालुपद. पार्टीत कुणी म्हणालं, "काका, युरिक ॲसिड वाढलंय, डाळ बंद केलीय," की ते उसळायचे. "डाळीने तुझं काय घोडं मारलंय? बिअर बंद केलीस का? आणि दुखणं गेलं म्हणून गोळी स्टॉप केली असशील. ती आधी चालू कर!" जीभ फटकळ, पण हात इतका हलका की सुई कधी गेली ते कळायचं नाही.

आई गेल्यावर बाबा सांगलीहून माझ्याकडे आले आणि थोड्याच दिवसांत त्यांचा गुडघा टम्म सुजला. बाबांना गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचा संधिवात, आहे हे आमच्याकडे वर्षानुवर्षं धरूनच चाललेलं. तिकडे कुण्या डॉक्टरने नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून तसं सांगितलं होतं. बाबांचा जीव कटाच्या आमटीवर, पण आईने सगळ्या डाळी घराबाहेर काढल्या. सणाला पुरण शिजेनासं झालं. "त्यांना चालत नाही, मग माझ्या घशाखाली कशी उतरेल?" म्हणून तिनेही आमटी सोडली, ती कायमची.

सुईकाकांनी पाणी काढलं, आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. "गाऊटचे स्फटिक सुईसारखे टोकदार असतात. हे आखूड, चौकोनी आहेत. कॅल्शियमचे. हा वेगळा आजार, डाळीशी याचा काही संबंध नाही."

आईचं सगळं सांगून मी म्हटलं, "काका, प्लीज, बाबांना हे नका सांगू."

"गुडघा त्यांचा आहे, बाळा. मी खोटं बोललो तर उरलेलं आयुष्य ते उगाच पथ्य करतील."

त्यांनी सांगितलं. बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे ती उगाचच..."

इंजेक्शनने सूज उतरली, पण बाबांचं जेवणच सुटलं. ताट पुढे केलं की मान फिरवायचे. मला काकांचा रागच आला होता. मात्र क्लिनिक संपलं की ते रोज घरी यायचे आणि बाबांजवळ नुसते बसायचे. एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, चूक आम्हा डॉक्टरांची. वहिनी तुमच्या बरोबरीने जेवल्या, ते काही खोटं ठरत नाही."

त्यानंतरच्या शनिवारी बाबांनीच मला पुरण घालायला सांगितलं. कटाच्या आमटीच्या पहिल्या घोटालाच त्यांचे डोळे वाहू लागले. मला काय करावं सुचेना. शेजारी बसलेल्या काकांनी आमटी भुरकली आणि म्हणाले, "तिखट कमी पडलंय." बाबा रडता रडता हसले आणि वाटी पुढे केली.

पुढे बाबा सांगलीला परतले आणि इकडे काकांची नजर अधू झाली. स्फटिक दिसेनात तेव्हा त्यांनी क्लिनिक बंद केलं. "दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून मी नाव सांगू?" एवढंच म्हणाले.

या वसंतात ते झोपेतच गेले. मला या परक्या देशात पुन्हा एकदा पोरकं झाल्यासारखं वाटलं. मी सांगलीला फोन लावला.

"कशाने गेले?" बाबांनी विचारलं.

"हार्ट असेल."

"असेल म्हणजे? बघितलं का कुणी?"

"नाही," मी म्हटलं. बाबा म्हणाले, "डाळ भिजत घालतो. आज आमटी करतो. तिखट."