पाय त्याचा आहे

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. सामन्यासाठी बाहेरून आलेल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या राहण्या-खाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. त्यांची फिजिओ नागपूरकडची. सगळे तिला दीदी म्हणत, म्हणून मीही म्हणायचो; नाव विचारायचं राहूनच गेलं.

खेळाडूला दुखलं की ती गवतावर मांडी घालून बसायची, त्याची टाच स्वतःच्या मांडीवर घ्यायची, आणि कोच असो की डॉक्टर, सगळ्यांना शेजारी खाली बसवायची. पँटला माती लागते म्हणून कोच कुरकुरायचे. ती लक्षच द्यायची नाही.

सामन्याच्या सकाळी त्यांच्या मुख्य स्ट्रायकरच्या मांडीचा स्नायू धरला. तो सारखा "ठीक हूँ" म्हणत होता. कोच डॉक्टरांना खांद्याला धरून लांब घेऊन गेले आणि कुजबुजायला लागले. दीदी त्याची टाच मांडीवर घेऊन बसली होती, ती जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "सर, तिकडे काहून बोलून राहिले? इथं येऊन बोला. पाय त्याचा आहे."

दोघं परत आले, खाली बसले, आपापलं मत त्याच्या तोंडावर बोलले. मग तो पोट्टाच हळू आवाजात म्हणाला, "दीदी, दौड़ने में खिंचता है. आज नहीं होगा."

त्याच्याविना संघ हरला. तरी निघताना दीदीची बॅग कोचनीच उचलून बसमध्ये ठेवली.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तपासून झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या मुलाला खुणेनं बाहेर बोलावलं. मी पलंगावरूनच म्हटलं, "डॉक्टरसाहेब, इथंच बोला. पाय माझा आहे."