पहिल्या पंगतीतली सून

आयोडीनचा वास आला की मला माझं माकडहाड आठवतं. हडपसरच्या कारखान्यात दिवसभर स्टुलावर बसून काम करायची मी, आणि नेमकं तिथेच गळू झालं. बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, पण असल्या जागेचं दुखणं सांगणार कुणाला? मी पडले लाजाळू ना. दिराच्या मुंजीत बसवेना म्हणून मी उभ्यानेच वाढत राहिले, तर सगळ्या म्हणाल्या, सून असावी तर अशी. कौतुकाने मी फुगले, गळूही फुगलं. शेवटी ताप चढला तेव्हा सासूबाईंनी मला रिक्षात पालथी घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “सारखं बसून तिथला केस कातडीत रुततो आणि पू धरतो. अंगावर काढलंत, म्हणून आत पार बोगदा झालाय. कापावं लागेल.” सासूबाई म्हणाल्या, “कापा. हिची लाजही निघाली तर तीही काढा.” जखम भरेपर्यंत त्यांनीच रोज आयोडीन लावून पट्टी बदलली. पुढच्या वर्षी नणंदेच्या लग्नात मी पहिल्याच पंगतीत ऐसपैस मांडी घालून बसले. कुणीतरी कुजबुजलं, “घरची सून वाढत नाही वाटतं?” जिलबी वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, “अहो, तिला बसलेली बघायला आम्ही वर्षभर थांबलोय.” आता मीच आजी झालेय, आणि अजूनही पंगतीतून सगळ्यात शेवटी उठते.