सिस्टर काफुईंच्या चेहऱ्याचं कापड

सेन्यो शिंप्याने सिस्टर काफुईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दवाखान्याचा खांबच गणवेश घालून चालत आलाय असं त्याला वाटलं. बोटात मोडलेली सुई घेऊन तो कण्हत होता. "गप!" बाई कडाडल्या. सेन्यो गप्प झाला, रांग गप्प झाली, अंगणातल्या शेळ्या गप्प झाल्या. सुई तर भीतीने आपणहून बाहेर आली, असं तो अजून शपथेवर सांगतो.

या बाईंच्या बाळंतीण विभागाला एका दुपारी आग लागली. दार एकच, आणि धूर नेमका दारात. बाईंनी स्टुलाने खिडकीची जाळी फोडली, आठ बाळं बाहेर दिली, त्यांच्या आया ढकलल्या आणि भाजल्या हातांनी सगळ्यांत शेवटी स्वतः उतरल्या. खाली बाळं झेलायला सेन्यो होता. "पोर आहे ते, कापडाचा तागा नाही!" हे त्याला तशा धुरातही ऐकावं लागलं.

वर्षभराने गावाने सत्कार ठरवला. बाईंनी एकच मागितलं: विभागाला दुसरं दार. समितीने बाईंचा चेहरा छापलेलं कापड काढलं. सगळ्यांनी तेच शिवून घालायचं.

"आणि दार?"

"आधी मान, सिस्टर. सुतार काय, कधीही येईल," अध्यक्ष आग्बेको म्हणाले.

कापड सगळ्यांना सारखंच मिळालं. अध्यक्षांचा घेर मात्र सारखा नव्हता. त्यांची पँट बसवताना सेन्योने तुकडा आडवा-उभा फिरवून कसाबसा पुरवला. सोहळ्यात भाषण संपवून अध्यक्ष वळले, तेव्हा त्यांच्या पाठीमागून, बऱ्याच खालून, बाई गावाकडे बघून हसत होत्या. अध्यक्ष खुर्चीत बसले.

"आग्बेको! माझ्या तोंडावर बसलास?"

लोक हसले, सेन्यो ढोलामागे सरकला. वडीलधारी मंडळी मात्र गंभीर झाली. वयाने मोठ्या बाईचा भर सभेत अपमान! रिवाजाप्रमाणे त्यांनी तिथल्या तिथे दंड सुनावला: एक मेंढा, दोन बाटल्या.

"मेंढा तुम्हीच खाल, बाटल्याही तुम्हीच प्याल," बाई म्हणाल्या. "मला दार द्या."

"दंडात दार कधी कुणी दिलंय का, सिस्टर?" मुखियांनी विचारलं.

"तोंडावर तरी कधी कुणी बसलंय का? आणि सेन्यो, ढोलामागून ये बाहेर. दाराचा पडदा तू शिवणार आहेस."

दार तीन महिन्यांत झालं. चौथ्या महिन्यात विभाग नव्या इमारतीत गेला. जुन्या खोलीत आता गाद्या ठेवतात.