एकोणिसावी खुंटी

शिवा परबने त्या पोरीला खोटं सांगितलं होतं. आता ती पोर माईक हातात घेऊन तेच खोटं चारशे माणसांना सांगणार, हे त्याच्या डोक्यात शिरलं ते थेट सभागृहात, शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्यावर.

विद्यापीठाचा परिसंवाद होता. पदवीची पोरं आपापलं संशोधन मांडत होती. कोणी शीव कोळीवाड्यातल्या सुक्या मासळीवर, कोणी दादरच्या फूलबाजारावर. दहा मिनिटं बोलायचं, मग परीक्षक प्रश्न विचारणार. उर्वीचा नंबर सातवा. तिचा विषय होता, लालबागमधली आंबेखोल गावाची खोली. शिवाला तिनेच आणलं होतं. "काका, तुमच्याशिवाय हे झालंच नसतं, तुम्ही समोर पाहिजे," म्हणाली. शिवाने इस्त्रीचा शर्ट घातला, आणि मागे जाऊन बसला.

गावाची खोली म्हणजे काय, हे टॉवरात वाढलेल्यांना समजावून सांगावं लागतं. एका गावाचे सगळे गिरणीवाले एका खोलीत. पाळीप्रमाणे झोपायचं. एक कामावरून आला की दुसऱ्याची वळकटी गुंडाळलेली. माणसाच्या मालकीची जागा दोनच, एक ट्रंकेपुरती जमीन आणि भिंतीवर एक खुंटी. ट्रंक इकडची तिकडे सरकते, खुंटी सरकत नाही. पोराला खुंटी मिळाली की गावी पत्र जायचं, पोरगा मुंबईला लागला.

गिरण्या गेल्या. शिवा दादरच्या एका छापखान्यात बाइंडिंगला लागला, पण खोली त्याने सोडली नाही. लग्न केलं नाही. तीस वर्षं तोच खोली सांभाळतो. आता तिथे गावची सहा पोरं राहतात, कुरियरवाली, मॉलमधली. त्यांच्याही बॅगा खुंट्यांवरच. फक्त माळ्याखालच्या कोपऱ्यातली एकोणिसावी खुंटी रिकामी. कोणी तिला काही अडकवलं की शिवा उठून काढतो.

"सैल आहे ती. पडेल."

"काका, लग्न लावलंय काय तुमचं तिच्याशी?" कुरियरवाला हितेंद्र विचारायचा.

"तुझं लाव आधी. आई रडते तुझी फोनवर."

उर्वी दादरची, चार पिढ्या शिकलेल्या घरातली, पण पोर नाक वर करून बोलणारी नव्हती. सहा महिने टेप घेऊन यायची. जमिनीवर बसून चहा प्यायची, भिंती मोजायची, नकाशा काढायची. चाळ पाडायची तारीख ठरली होती, त्याआधी तिला सगळं उतरवून घ्यायचं होतं. कोणती खुंटी कोणाची, कधी आला, खोली का सोडली. शिवाने अठरा नावं तोंडपाठ सांगितली.

"खुंट्या तर एकोणीस आहेत, काका."

"सैल आहे ती. धरू नको."

पण तिने धरली. धरून अंगाचा भार टाकून ओढली. सागाची खुंटी, केसभर हलली नाही. उर्वीने शिवाकडे पाहिलं. शिवाने खिडकीबाहेर.

"लिही अठरा," तो म्हणाला. "कायम अठराच होते."

एकोणिसावा होता धाकू घाडी.

ब्याऐंशीचा संप. आठवा महिना. संपाच्या गोष्टी सांगणारे सगळे मालकावर थुंकतात, आणि थुंकायलाच हवं. पण खोल्यांतून काय काय झालं, त्याबद्दल मोठमोठी भाषणं करणाऱ्यांची तोंडं शिवलेली असतात. धाकूची मुलगी गावी आजारी होती. एका सकाळी तो गिरणीत गेला. संध्याकाळी परत आला तर खोलीत सतरा माणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली, आणि अठरावा शिवा मध्ये उभा. वय एकोणीस. सगळ्यांत लहान, सगळ्यांत तापट. कोणीतरी म्हणालं, "ह्याची खुंटी रिकामी करा." कोण म्हणालं ते आज कोणाला सांगता येणार नाही. पण उठला शिवा. धाकूची पिशवी त्याने ओढून काढली आणि गॅलरीत भिरकावली.

धाकू भांडला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "पिशवेत डबो आसा रे शिवा, जरा हळू."

डबा आपटला होता. झाकण जिन्यावरून खाली गेलं, त्याचा आवाज पार तळमजल्यापर्यंत येत राहिला. धाकू मान खाली घालून त्याच्या मागोमाग उतरला. गावाला तो पोचलाच नाही. त्याच्या बायकोची तीन पत्रं आली, 'हे कुठे आहेत ते कळवावे.' खोलीतली पत्रं वाचून दाखवायचं काम शिवाचं. ती तीन त्याने वाचून दाखवली नाहीत. उत्तरही लिहिलं नाही. तेव्हापासून त्या कोपऱ्यात काही अडकवलं की शिवाला तो आवाज येतो, जरा हळू.

उर्वी छान बोलली. पडद्यावर खोलीचा नकाशा आला, खुंट्यांचे बारीक ठिपके आले. शेजारी तक्ता. नाव, गिरणी, साल, आणि शेवटचा रकाना, 'खोली का सोडली'. गिरणी बंद. नालासोपाऱ्यात घर. वारले. गावी गेले. शिवा वाचत होता. अठराव्या ओळीत तो स्वतः होता, 'सोडली नाही'.

टाळ्या पडल्या. परीक्षक सुनेत्राबाईंनी चष्मा वर केला.

"नकाशात खुंट्या एकोणीस आहेत. मी मोजल्या. तक्त्यात नावं अठरा. यातलं चूक काय?"

उर्वीची नजर मागच्या रांगेपर्यंत आली. क्षणभरच. मग परत वळली.

"मोजण्यात माझी चूक झाली असेल, मॅडम."

"पदवीपर्यंत आल्यावर एकोणीसपर्यंत मोजता यायला हवं," बाई म्हणाल्या, आणि सभागृह हसलं.

उर्वीने मान खाली घातली. कागद गोळा करू लागली. अशी मान खाली घालून निघालेलं माणूस शिवाने एकदा पाहिलं होतं.

तो उभा राहिला तेव्हा खुर्ची खाडकन मिटली. "ओ मॅडम. पोरगी बरोबर मोजते."

बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली. "आजोबा, श्रोत्यांचे प्रश्न शेवटी."

"माझा शेवटच चाललाय, बाय. तू बस." मग पुढे बघून, "एकोणीसच आहेत. एक नाव मी लपवलं. धाकू घाडी. हिला मीच खोटं सांगितलं, हिचे मार्क कापू नका."

कोणी हसलं नाही. सुनेत्राबाईंनी पेन खाली ठेवलं. "का लपवलंत?"

शिवाची नजर पडद्यावर गेली. उर्वी लॅपटॉपकडे परत गेली होती. पडद्यावर अठराव्या ओळीखाली नवी ओळ उघडली. धाकू घाडी. गिरणीचं नाव, साल, शिवा सांगत गेला, ती टाइप करत गेली. शेवटच्या रकान्यात ती बारकी उभी रेघ उघडमीट करत थांबली.

"काय लिहू, काका?"

"संपात कामावर गेला. आम्ही काढला."

तिने लिहिलं. एवढ्या मोठ्या पडद्यावर 'आम्ही काढला'. शिवाने ते दोनदा वाचलं. त्या 'आम्ही'त अठरा जण होते, त्यातले पंधरा आता बोलायलाही उरलेले नव्हते. मेलेल्यांच्या मागे उभं राहायला किती सोपं.

"ते आम्ही खोड," तो म्हणाला. "पिशवी शिवा परबने काढली, असं लिही. डबा होता आत."

उर्वीने खोडलं. लिहिलं. तिला किती मार्क मिळाले हे बघायला शिवा थांबला नाही. लालबागपर्यंत चालत आला.

खोलीत हितेंद्र पाय पसरून बसला होता, आणि एकोणिसाव्या खुंटीवर त्याचं हेल्मेट. शिवा चपला न काढताच आत आला. तो आवाज आलाच. आज येणार नाही असं त्याला का वाटलं होतं कोण जाणे. त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी उचललं आणि जमिनीवर ठेवलं, अगदी हळू.

"माहितेय काका, सैल आहे," हितेंद्र मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

"सैल नाही," शिवा म्हणाला. "धाकूची आहे."

"कोण धाकू?"

शिवा त्याच्या समोर जमिनीवर बसला.